मास्तरांचा उजवा पाय

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. शहरातले निम्मे लोक त्यांच्याकडे गाडी शिकले आणि उरलेले निम्मे त्यामुळे फुटपाथवरून जपून चालायला शिकले, असं मास्तरीणबाई म्हणत. त्या स्वतः शिवणाचे क्लास घ्यायच्या. म्हणजे त्या घरात दोन्ही माणसं पायांवरच पोट भरणारी. एकाचा पाय क्लच-ब्रेकवर, दुसरीचा शिलाई मशीनवर. भांडण झालं की दोघंही जमिनीवर पाय आपटत, तेही अगदी सवयीच्या तालात.

मास्तर अंगाने काडी. त्यांची गाडी मात्र गोलमटोल, बुटकी आणि उकडलेल्या वाटाण्याच्या रंगाची. तिला सगळे ठमी म्हणत. ठमीच्या मागच्या काचेवर ‘शिकाऊ’ असं एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, की मास्तर स्वतः एकटे चालले असले तरी मागचे लोक हातभर अंतर जास्त ठेवत. ठमीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक होता. दोन्हीकडचे ब्रेक एकाच सळईने जोडलेले. एकाने दाबला की दुसऱ्याचा आपोआप खाली.

आता खरी गंमत पुढे आहे. इतर ठिकाणचे शिकवणारे ब्रेक दाबायचे ते आख्ख्या अंगाने. दात-ओठ खायचे, ओरडायचे, दाराचं हँडल उपटायचे. मास्तरांची रीत वेगळी. त्यांचा फक्त उजवा पाय काम करी. कमरेच्या वर पानसुद्धा हलायचं नाही. समोर सायकल आडवी आली, की मास्तर खिडकीबाहेर बघत कांद्याचा भाव विचारत असत आणि खाली पाय अलगद ब्रेक दाबत असे. शिकणारा बिचारा भेदरून कुठेतरी पाय दाबायचा, बहुतेक वेळा जमिनीवरच, पण गाडी थांबायची. मग मास्तर त्याच्याकडे वळून म्हणायचे, “छान थांबवलीस.” एवढंच. आपण थांबवली या आनंदात तो माणूस दुसऱ्या दिवशी खरोखर थांबवायला लागायचा. सगळ्या शहरात बोलबाला होता, की मास्तरांच्या ब्रेकवरची धूळसुद्धा पुसलेली नाही. खरं गुपित फक्त मास्तरीणबाईंना ठाऊक होतं, कारण मास्तरांचा उजवा बूट डाव्याच्या कितीतरी आधी फाटायचा आणि नवा जोड आणायला त्यांनाच जावं लागायचं.

मग एक दिवस मास्तरांनी शिकवणं थांबवलं. गुडघा कुरकुरत होता हे एक कारण. दुसरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आयुष्यभर गाडीत बसलेल्या या माणसाने गाडी अशी चालवलीच नव्हती. सकाळी घरून पहिल्या विद्यार्थ्यापर्यंत आणि संध्याकाळी शेवटच्या विद्यार्थ्यापासून घरापर्यंत, तेवढीच काय ती. बाकी जन्म शेजारच्या सीटवर गेला. आणि मोठ्या रस्त्यावरच्या शोरूममध्ये, काचेच्या मागे, एक लाल गाडी येऊन बसली होती. दोनच दारं, जमिनीला चिकटलेली, पुढून बघितली तर रागावलेली आणि मागून बघितली तर निघून गेलेली. मास्तर रोज फिरायला जायचे ते त्या काचेपर्यंत. घरी येऊन सांगायचे, की आज बागेत गर्दी होती.

मास्तरीणबाईंना हे कळायला वेळ लागला नाही. बाग उलट्या दिशेला होती. एक दिवस त्या मागोमाग गेल्या, शेजारी उभ्या राहिल्या आणि गाडी वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, की हिच्यात शिरायला वाकावं लागेल आणि बाहेर निघायला क्रेन लागेल. मास्तर खजील होऊन परतायला वळले. तेव्हा त्या म्हणाल्या, “मी नको कुठे म्हटलं? आत जाऊन विचारा तरी.”

आत विचारल्यावर कळलं, की लाल गाडी तेवढी एकच उरली आहे, नवीन येणार आहे ती चारदारी आणि राखाडी. ठमी बदल्यात दिली तर व्यवहार बसत होता. ठमी त्यांनी घेतली नाही तर नव्हता. ठमी तपासायची होती, आणि जुन्या गाड्या तपासणारा साहेब आतून बाहेर आला तो मास्तरांचाच जुना विद्यार्थी, ससोबा.

ससोबा हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. त्याने क्लच सोडला की ठमी सशासारख्या उड्या मारायची. आता त्याला पोट सुटलं होतं, गळ्यात ओळखपत्र होतं. मास्तरांना बघून तो इतका खूश झाला, की त्याने शोरूममधल्या सगळ्यांना गोळा केलं आणि टँकरची गोष्ट सांगितली. ती त्या सगळ्यांनी आधी ऐकलेली असावी, कारण ते मध्येमध्ये पुढचे शब्द पुटपुटत होते. तर शाळेच्या कोपऱ्यावर गल्लीतून अचानक पाण्याचा टँकर बाहेर आला, ससोबाने कचकन ब्रेक दाबला आणि ठमी टँकरपासून वीतभर अंतरावर थांबली. “आणि मास्तर काय करत होते? तर खिशातला कंगवा शोधत होते! एवढा विश्वास माझ्यावर. त्या दिवशी मला कळलं, की आपल्याला गाडी येते.” मुलांना, सासऱ्यांना, नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येक माणसाला तो हे सांगत आला होता. मास्तर नम्रपणे जमिनीकडे बघत राहिले. लोकांना तो विनय वाटला.

तपासणीची फेरी निघाली. मालकाने गाडीत बसायचं असा शोरूमचा नियम. त्यामुळे ससोबा स्टिअरिंगवर आणि मास्तर शेजारी, अगदी पूर्वीसारखे. मास्तरीणबाई शिवणाचं पुस्तक घेऊन शोरूमच्या सोफ्यावर बसल्या.

पहिल्या चौकापर्यंत सगळं झकास. ससोबा इंजिनचं कौतुक करत होता. चौकात एक म्हातारा रस्ता ओलांडायच्या विचारात होता. ओलांडत नव्हता, नुसता विचार करत होता. ठमी गपकन थांबली. ससोबाने भुवया उंचावल्या. पुढे एका फळवाल्याने गाडा इंचभर सरकवला. ठमी थांबली. शाळेपुढचा गतिरोधक आला. ससोबा वेग कमी करणारच होता, पण त्याच्या आधीच ठमीने केला. मास्तर खिडकीबाहेर बघत संत्र्यांचा हंगाम कधी संपतो ते विचारत होते. शपथेवर सांगायचं तर त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. पाय त्यांना विचारून काम करायचा ते दिवस केव्हाच मागे पडले होते.

परत आल्यावर ससोबाचा चेहरा पडला. म्हणाला, की इंजिन ठणठणीत आहे, पत्रा चांगला आहे, पण ब्रेक आपोआप धरतात. अशी गाडी आम्हाला पुढे विकता येत नाही. घ्यायची झाली तर भंगारात. मास्तरांनी बायकोकडे बघितलं. मास्तरीणबाईंनी पुस्तकावरून डोळे वर केले, नवऱ्याच्या उजव्या बुटाकडे बघितलं आणि पुन्हा वाचायला लागल्या.

आत्ता मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी आणखी एक फेरी मागितली. ससोबाने केवळ गुरू म्हणून दिली. या वेळी मास्तर उजवा पाय दुमडून त्यावर बसले, घरी जेवायला बसावं तसे. ससोबाने विचारलं, तर म्हणाले गुडघा दुखतोय. गुडघा खरोखरच दुखायला लागला. म्हातारा अजून चौकातच होता, आणि आता त्याचा विचार पक्का झाला होता. मास्तरांनी दोन्ही हातांनी पाय धरून ठेवला. ससोबाने स्वतः ब्रेक दाबला, गाडी सुरेख थांबली. मास्तरांना घाम फुटला, पण जमलं. फळवालाही पार पडला. मग शाळेच्या कोपऱ्यावर एक पोरगी चेंडूच्या मागे फुटपाथच्या कडेपर्यंत आली. फक्त कडेपर्यंत. दुमडलेला पाय पिंजऱ्यातून सुटावा तसा सुटला, बूट ब्रेकवर आदळला आणि ठमी उभीच्या उभी राहिली.

ससोबाने गाडी बाजूला घेतली. खूप वाईट वाटल्यासारखा तो म्हणाला, “मास्तर, माफ करा. मी खोटं लिहू शकत नाही. ब्रेक खराब आहेत.”

मास्तरांनी स्वतःच्या उजव्या बुटाकडे बघितलं. एक वाक्य बोलायचा अवकाश, की लाल गाडी त्यांची. पण त्या वाक्यात ससोबाचा टँकर जाणार होता. मुलांना सांगितलेला, सासऱ्यांना सांगितलेला, रोज नव्याने पुसून लख्ख केलेला टँकर. न बोलावं तर राखाडी चारदारी येईपर्यंत फिरायला जायचं आणि बागेत गर्दी होती म्हणून सांगायचं. आणि ठमी भंगारात. ब्रेक खराब म्हणून. कोपऱ्या-कोपऱ्यावर इतक्या जणांचे जीव सांभाळलेल्या ब्रेकला खराब म्हणणं मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. लाल गाडीचं दुःख त्यांनी गिळलं असतं, पण हे नाही.

ते खाली वाकले आणि पायाशी पसरलेली चटई बाजूला केली. “बघ,” म्हणाले.

ससोबाने वाकून बघितलं. त्याच्या पायाखालच्या ब्रेकवरच्या रबरावर अजून रेघा दिसत होत्या. मास्तरांच्या पायाखालच्या ब्रेकवरचं रबर मात्र घासून घासून पार गेलं होतं, आतलं लोखंड आरशासारखं चमकत होतं.

त्याने त्या लोखंडावरून अंगठा फिरवला. मग ससोबाने एकदाच विचारलं, “मास्तर, टँकर कुणी थांबवला?”

“तू शिकत होतास तेव्हाची कुत्री, सायकली, भाजीच्या गाड्या, पोस्टमन आणि एकदा माझा मेव्हणा, हे सगळे माझ्या पायाने वाचले,” मास्तर म्हणाले. “टँकरच्या वेळी माझा पाय गेला तेव्हा ब्रेक आधीच तळाला होता. मी नुसता वर ठेवला.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगताय.”

“बरं वाटावं म्हणून आजपर्यंत सगळ्यांशी बोललो. मेव्हण्याचं सांगितलं ते काय तुला बरं वाटावं म्हणून? ते खरं, तर हेही खरं.”

ससोबाने ते तोंडातल्या तोंडात एकदा घोळवून बघितलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. टँकर शाबूत होता. कुत्री आणि पोस्टमन यांची गोष्ट त्याने तशीही कुणाला सांगितली नव्हती. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. त्याची बायकोही मास्तरांकडेच शिकलेली, आणि घरात तीच गाडी चांगली चालवते असं तिचं ठाम मत होतं.

“तिच्या वेळी काय काय थांबवलंत?” त्याने मोठ्या आशेने विचारलं.

“तिच्या वेळी?” मास्तरांनी चटई परत जागेवर सारली. “तिच्या वेळी मला झोप लागायची रे.”

ससोबाने गाडी सुरू केली. क्लच सोडताना ठमीने एक बारीकशी उडी मारली, पण मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

शोरूममध्ये तपासणीच्या कागदावर ससोबाने लिहिलं, ब्रेक उत्तम. मास्तरीणबाईंनी पुस्तक मिटलं आणि काय झालं ते एका शब्दानेही विचारलं नाही. नवऱ्याचा चेहरा त्यांना शिवणीइतका सरळ वाचता येई. ससोबाने ठमीसाठी गिऱ्हाईकही त्याच दिवशी ठरवलं. पलीकडच्या वस्तीत एका बाईंना गाड्या शिकवायचा धंदा काढायचा होता, आणि जोड-ब्रेकची गाडी त्यांना मिळत नव्हती. नवं रबर तेवढं बसवून देऊ, म्हणाला.

लाल गाडी आठवड्याभरात दारात आली. मास्तर स्टिअरिंगवर बसले, मास्तरीणबाई वाकून, बऱ्याच टप्प्यांत, शेजारी बसल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खिडक्यांतून बघून घेतलं. मास्तरांनी आरसा लावला, सीट पुढे-मागे केली, पट्टा ओढून बघितला, पुन्हा आरसा लावला आणि इतक्या अदबीने गाडी बाहेर काढली, की दूधवाला त्यांच्यापुढे निघून गेला.

मोठ्या रस्त्यावरही तेच. इंजिन आतल्या आत गुरगुरत होतं, आणि मास्तर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पाठ ताठ करून, परीक्षेला बसल्यासारखे चालवत होते. मास्तरीणबाईंनी काही वेळ बाहेरचा देखावा बघितला. तो फारसा बदलत नव्हता.

“अहो,” त्या शेवटी म्हणाल्या, “मागे सायकलवाला घंटी वाजवतोय.”

“वाजवू दे.”

“बिचाऱ्याला घरी जायचं असेल. त्याला पुढे तरी जाऊ द्या, नाहीतर तुम्ही तरी जा.”

मास्तरांनी आरशात बघितलं. सायकलवाला खरोखरच होता आणि वैतागलेला होता. पुढे रस्ता मोकळा, सरळ, दोन्ही बाजूंना झाडं. कुणाला डावीकडे वळ म्हणायचं नव्हतं, कुणाला छान म्हणायचं नव्हतं. मास्तरांनी उजवा पाय दाबला. लाल गाडी अशी काही निघाली, की मास्तरीणबाईंची पाठ सीटला चिकटली आणि मांडीवरची पर्स पोटात घुसली. त्या ओरडतील म्हणून मास्तरांनी कान टवकारले. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पर्स खाली पायाशी ठेवली, पदर खोचला आणि काच आणखी थोडी खाली केली.