कपाटामागच्या जांभळ्या रेघा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधेच हसलात तर मी सांगायचा थांबेन. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिले असतील तुम्ही. पण तो धोंडा आधी भिंतीवर लिहून, मग त्यावर रंग देणारा माणूस पाहिलाय? हा बघा, समोर बसलाय!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. पार्सलांवर नाव-गाव लिहायला आम्हाला कॉपिंग पेन्सिल असायची. कोरडी लिहिली तर करडी, फिकट. पण पाण्याचा थेंब लागला की गर्द जांभळी, आणि मग जन्मात न जाणारी. ही पेन्सिल दिवसभर माझ्या कानावर. घरी आलो तरी कानावरच.

आता माझे सासरे, नाना. शिरपूरकडे शेती, बोलणं अहिराणी. माणूस देवासारखा, पण देवसुद्धा देव्हाऱ्यात बरा, खरं की नाही? त्याच्या चार वर्षं आधी नाना 'चार दिवस' म्हणून आले आणि पंख्याखालची माझी जागा त्यांनी पहिल्याच दुपारी घेतली. भाजीत मीठ कमी आणि जावयात अक्कल कमी, हे रोज जेवताना. बोलायची सोय नव्हती. मग मी काय करावं? आतल्या खोलीत कॅलेंडरमागे भिंतीवर लिहिलं, 'नाना आले', आणि रोज एक रेघ मारत गेलो. ते गेले त्या दिवशी ठळक अक्षरात लिहिलं, 'नाना गेले. सुटलो!' वर कॅलेंडर सोडलं आणि विसरून गेलो.

मग नानांना मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांना. ऑपरेशन जळगावला करायचं ठरलं आणि सुमन, म्हणजे आमची मंडळी, त्यांना आणायला शिरपूरकडे निघाली. जाताना हुकूम सोडला.

"अहो, नाना यायच्या आत घर रंगवून घ्या. आणि नव्या भिंतीला एकसुद्धा खिळा दिसला नाही पाहिजे!"

रंगारी युसूफभाईने कॅलेंडर काढलं, खिळा उपटला आणि भिंतीशी डोळे नेऊन म्हणाला, "साहब, हे काय लिहिलंय?"

मी लगेच म्हणालो, "आधीच्या भाडेकरूचं असेल."

"कशाने लिहिलंय?"

"साधी शिसपेन्सिल, दुसरं काय!"

आता खोटं का बोललो? कॉपिंग पेन्सिल म्हटलं असतं तर तो लगेच म्हणाला असता, म्हणजे तुमचीच की! आणि युसूफभाईचं तोंड म्हणजे गल्लीचा लाउडस्पीकर. मारा म्हटलं डिस्टेंपर.

पहिला हात मारला आणि पिस्ता रंगातून 'नाना' वर आले. जांभळे! दुसऱ्या हाताला सगळ्या रेघा. तिसऱ्या हाताला 'सुटलो' असं झळकलं की दुकानाची पाटी बरी.

"साहब, हे तर जितकं पाणी पितंय तितकं फुलतंय!" युसूफभाई कपाळाला हात लावून म्हणाला. "शिसपेन्सिल नाही ही. आधी बोलले असते तर खाली ऑइल पेंटचा हात मारला असता. आता त्याला वाळायला एक दिवस पाहिजे."

एक दिवस? चार वाजले होते आणि पाचला एसटी! रोज हीच पेन्सिल पाण्यात बुडवून लिहिणारा मी, आणि तिच्यावर पाण्याचा रंग तीनदा दिला. मला काय म्हणावं?

सुमनला आई नव्हती. तिचं माहेर म्हणजे एकटे नाना. ते वाक्य तिने वाचलं असतं तर ती भांडली नसती, नुसती रडली असती, आणि त्याचीच मला भीती होती. आम्ही दोघांनी लोखंडी कपाट ओढून त्या भिंतीला टेकवलं. मी दार लावतोय तोच रिक्षा थांबली.

"कपाट इथे का आणलं?" सुमनचा पहिला प्रश्न.

"त्या भिंतीला ओल आहे जरा," मी म्हणालो.

झालं! दुसरं खोटं. ओल म्हटल्यावर बाई गप्प बसते का? "माझ्या साड्या कुजतील! नानांना खोकला होईल!" ती रोज कपाट हलवायला निघायची आणि मी रोज कपाटाला पाठ लावून उभा. ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी आली. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर घरात धूळ नको, रंगाचा वास नको. म्हणजे ऑइल पेंटही गेलं! दीड महिना मी जेवलो कमी, कपाटाला टेकलो जास्त.

शेवटी नानांना जाड भिंगाचा चष्मा मिळाला. मी त्यांना रिक्षातून घरी आणलं आणि पाहतो तो काय? ओल दाखवायला सुमनने युसूफभाईला बोलावलेलं! मी "अगं, थांब" म्हणेपर्यंत दोघांनी कपाट ओढलंसुद्धा.

नाना खाटेवर, भिंत समोर.

"ना... ना... आ... ले," नाना वाचू लागले.

"नाना, तुम्हाला दिसतंय!" सुमनच्या डोळ्यांत पाणी. तिचं लक्ष भिंतीकडे नव्हतंच, नानांच्या तोंडाकडे होतं. "वाचा, नाना, अजून पुढे वाचा!"

नाना रेघा मोजू लागले. युसूफभाई हळूच चपला शोधू लागला.

"नाना गेले," नाना थांबले. "सुटलो."

सुमन वळली. आधी भिंतीकडे, मग माझ्याकडे. अहो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"जवाईबापू, एक्केचाळीस रेघा शेतस. मी बेचाळीस दिन ऱ्हायनू व्हतू. एक दिन कमी लिखेल शे."

मग नाना पाय वर घेऊन खाटेवर नीट बसले.

"पन डोया एक नंबर व्हयना! माले आते बठ्ठं साफ दिसस. दुसरा डोया बी आठेज करसू. डाक्टर म्हने दोन महिना थांबा. थांबसू!" आणि युसूफभाईकडे वळून म्हणाले, "भाऊ, हाई भिंतले हात लावू नको."

ते दोन महिने नाना आमच्याकडेच, आणि गावाकडून माणसं नानांचा डोळा बघायला येत होती. आला माणूस की नाना त्याला आतल्या खोलीत न्यायचे, "देख, माले कितलं दिसस!" म्हणायचे आणि सगळी भिंत मोठ्याने वाचून दाखवायचे. 'सुटलो'वर आले की थांबून माझ्याकडे बघायचे. आणि मी तिथेच उभा असायचो, पाहुण्यांसाठी चहाचा ट्रे घेऊन.