पायमशीन

जन्मापासून पायांत ताकद नसलेल्या एका मुलीला मी जिंतूरच्या शिवणवर्गात हातमशीनवर शिकवलं. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्याने कापड सरकवायचं. कापड घसरू नये म्हणून आधी कच्चा टाका घालायचा. तिचे ब्लाऊज अंगाला नीट बसू लागले. मग अपंगांना मशीनवाटप झालं आणि तिला पायमशीन मिळालं. बदलून मागितलं, तर वाटप करणारे म्हणाले, "मॅडम, समद्याला एकच आलंय."

पुढे मी झरीला तिच्या घरी गेले. मशीनवर तिची भावजय शिवत होती. मुलगी जमिनीवर बसून भावजयीने शिवलेल्या ब्लाऊजांना हुक लावत होती.

"याच्या चाकाला हाताचा दांडा बसवून देते," मी म्हणाले.

"मंग मी काय करू?" भावजय म्हणाली. "गिऱ्हाईक माझं हाय आता."

मुलीने पुढचा ब्लाऊज हुक लावायला ओढून घेतला.