बॅट कोण उचलणार? पापाकुरा ते रोटोरुआ

जानेवारीतल्या लाँग वीकेंडला रोटोरुआला जायचं, हे पापाकुरातल्या आमच्या घरी अकरा वर्षांच्या सईनं ठरवलं. तिच्या बेसबॉल टीमची तिथे स्पर्धा होती. शिरीष म्हणाला, "ही शेवटची. फेब्रुवारीपासून मुलगी क्रिकेटला." पुण्यात क्लब क्रिकेट खेळलेल्या माझ्या नवऱ्याला बेसबॉल म्हणजे नुसता फुलटॉसचा बाजार वाटतो. पंचाईत अशी, की टीममध्ये मुलं जेमतेम नऊ. सई गेली की टीम बंद, आणि कोच डेल घरी.

नेमके हेच डेल आमच्या गाडीत होते, कारण त्यांची गाडी बंद पडली होती. ते पुढे, शिरीषच्या शेजारी. मी मागे बसून मजा बघत होते.

सुट्टीत जाणार असाल तर पहाटे निघा, बॉम्बे हिल्सच्या चढावर रांग लागते. (नावावर जाऊ नका, त्या भागात कांदे पिकतात.) वाटेत बेकरीतले 'पाय', म्हणजे सारण भरलेल्या खाऱ्या पेस्ट्र्या, स्वस्त मिळतात, पण बिनमांसाचा मिळेलच असं नाही. मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. डेलनी माझ्यासाठी एकही ठेवली नाही.

खाता खाता त्यांनी आपली कारकीर्द सांगितली. तरुणपणी ते अमेरिकेत मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पायरीवर खेळायचे. जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली. गावोगाव बसने हिंडायचं, हिवाळ्यात घरं रंगवायची. एकदाच वरच्या टीमचं बोलावणं आलं. नवा सूट शिवून गेले, एक मॅच बाकावर बसले, आणि ज्याच्या जागी बोलावलं होतं तो बरा झाला.

"मग?" शिरीषनं विचारलं.

"मग बसने परत. सूट मात्र छान होता."

पुढे किवी मुलीशी लग्न, आणि तिच्या या देशात, जिथे बेसबॉलकडे कुणी ढुंकून बघत नाही, तिथे कोचिंग. हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच.

रोटोरुआत उतरताच गंधकाचा वास नाकात जातो. तासाभरात सवय होते. मोटेल किचनवालं घ्या, आणि आधीच बुक करा.

पहिल्या मॅचला सईनं बॉल मस्त मारला आणि पळाली, बॅटसकट. बेसपाशी बॅट पुढे करून टेकवली आणि समाधानानं थांबली. बेसला पाय लागावा लागतो, त्यामुळे आऊट. पुढच्या वेळी तिनं बॅट हळूच जमिनीवर निजवली, मग पळाली. पुन्हा आऊट.

"बॅट टाकून द्यायची असते, सई," डेल म्हणाले.

"आय कान्ट. वी डू पूजा ऑफ इट."

डेलनी माझ्याकडे पाहिलं, मी शिरीषकडे. दर दसऱ्याला बॅटला हळदकुंकू लावणारा आणि तिला पाय लागला तर लेकीला नमस्कार करायला लावणारा तोच. त्यानं खाली मान घालून सगळं समजावलं. मला वाटलं, डेल हसतील.

"फेअर इनफ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचांना विचारून शिरीषला मैदानाच्या कडेला उभं केलं. "सई, तू सोडून दे. बाबा उचलतील."

तिनं बॉल मारला, बॅट सोडली आणि सुसाट सुटली. शिरीषनं बॅट उचलली, नव्या शर्टला पुसली, कपाळाला लावली आणि "पळ, पळ" करत स्वतःच रेषेच्या कडेनं धावला. सई बेसवर पोचली होती. मॅच आम्ही सणसणीत हरलो, आणि तरीही मला इतका आनंद झाला होता की सांगायची सोय नाही.

सहलीचा हिशेब मांडायचा तर तळं पाहिलं ते गाडीतून, गरम कुंडं राहूनच गेली, टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, कोरडेच घरी आले. परतीच्या वाटेवर फेब्रुवारीचा विषय कुणी काढला नाही. सई माझा हात घट्ट धरून बसली होती.

पापाकुरात डेलना त्यांच्या घरापाशी सोडलं. त्यांनी आभार मानले. शिरीषनं काच खाली केली.

"मंगळवारी प्रॅक्टिस किती वाजता?"

"साडेपाच," डेल म्हणाले. फाटकापर्यंत गेले, तिथून परत आले आणि खिडकीत वाकून पुन्हा म्हणाले, "साडेपाच."