लिंबाखालची टोपली

आक्कांची आणि माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली. अंबाजोगाईच्या ज्या दवाखान्यात त्यांनी आयाची नोकरी केली, फरशा पुसल्या, रडणाऱ्या बाळंतिणींना दटावलं, तिथंच एका खाटेवर त्या पडल्या होत्या. मी शहाळं घेऊन गेले. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला सारला आणि विचारलं, "लिंबाखालची खेळलीस का?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग कावून आलीस? ठिव ते शहाळं तिकडं." त्याच आठवड्यात त्या गेल्या...

आक्का म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, आक्कांच्या आठवणीसाठी सगळे जमले तेव्हा, भावकीतले एक जण उठून म्हणाले, आक्का फार सोशिक होत्या, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. मी मागे बायकांत बसले होते. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून गप्प राहिले. पण ते खरं नव्हतं. आक्का अजिबात सोशिक नव्हत्या. हे कुठंतरी लिहिलेलं असावं, म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरामागे सरकारी बाग आहे. तिथं एका खेळाच्या सरांनी लोखंडी खांब रोवून त्यांना टोपल्या बसवल्या आणि वर साखळ्या सोडल्या. डिस्क गोल्फ म्हणतात त्याला. लांबून प्लॅस्टिकची ताटली फेकायची, ती साखळ्यांना लागून टोपलीत पडली पाहिजे, मग पुढची टोपली. सगळ्या मिळून ज्याला कमी वेळा फेकावं लागलं, तो जिंकला. पोरं थोडे दिवस खेळली आणि पुन्हा क्रिकेटकडे गेली. कुणी टोपलीला शेळी बांधली, कुणी साखळ्यांवर ओले टॉवेल टाकले. आक्का तेव्हा नुकत्याच रिटायर झाल्या होत्या आणि डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. "नुसतं गोल गोल फिरायला मी काय घाण्याचा बैल हाय का?" असं म्हणून त्यांनी सरांकडून दोन ताटल्या मागून आणल्या आणि एक माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, "आक्का, लोक बघायलेत."

"बघू दे की. तिकीट लावलंय का आपण?"

मी बांधकामावर बरीच वर्षं काढली. तिथं रिकामं घमेलं वरून खाली फेकताना मनगटाला एक झटका देतात, मग ते गिरकी घेत बरोबर खालच्या बाईच्या हातात जातं. मी ताटली तशीच फेकली आणि साखळ्या खळखळल्या. आक्का ओरडल्या, "आगं बया! कुठं झाकून ठेवलता ह्यो हात?" त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमचा खेळ ठरलेला.

अडचण लिंबाखालच्या टोपलीची होती. तिथल्या कट्ट्यावर पुरुषमाणसं बसलेली असायची, मोबाइल बघत, तंबाखू मळत. ताटली त्यांच्यावरूनच फेकावी लागे. आक्का सरळ समोर जाऊन उभ्या राहत. "उठा बे. खेळ चालू हाय." एक जण म्हणाला, "मावशे, हे काय वय हाय का तुझं?" आक्का म्हणाल्या, "वय झालंय म्हणून तर जोर कमी हाय. डोकं फुटलं तर भिऊ नको, टाके लई बघितलेत म्या." बाकीचे त्यालाच हसले आणि उठले. मी मात्र नळाच्या बाजूनं वळसा घालून पुढच्या टोपलीकडे जायची. चौथीनंतरची शाळा शेजारच्या गावाला होती आणि वाटेत पारावर टोळकं बसायचं, म्हणून वडिलांनी माझं दप्तर खुंटीला टांगलं होतं. तेव्हापासून बसलेल्या पुरुषांना वळसा घालायची पायांना सवयच लागली. आक्का ओढून न्यायच्या नाहीत. पण एवढंच म्हणायच्या, "लिंबाखालची सोडली का खेळ धरायचा न्हाई." मी कितीही चांगली खेळले तरी त्यांनी माझा एकही खेळ धरला नाही.

त्या गेल्यावर माझ्या सुनेनं आमच्याकडे राहिलेली त्यांची ताटली माठावर झाकण म्हणून ठेवली. तिचा काही दोष नाही, बरोबर बसली होती. "आता कोण खेळतंय, आई?" ती म्हणाली. पाणी घ्यायला गेले की ती ताटली दिसायची, आणि आक्का सोशिक होत्या हे कानात वाजायचं... परवा मी ताटली उचलली, पुसली आणि बागेत गेले. पहिल्या टोपल्या झाल्या. लिंबाखाली तेच सगळे बसलेले. "उठा," मी म्हटलं. कुणाला ऐकूच गेलं नाही. मग मोठ्यानं म्हटलं, "उठा. खेळ चालू हाय." सगळे बघायला लागले. आक्कांना वय विचारणारा तोच आधी उठला. एक जण तसाच बसून राहिला. "बसायचं तर बसा," मी म्हटलं आणि त्याच्या डोक्यावरून फेकली. खांबाला लागून खाली पडली. उचलली, परत फेकली. साखळ्या वाजल्या. पुढच्या सगळ्या टोपल्या खेळूनच घरी आले. आक्का, हा धरा.

येताना माठासाठी स्टीलचं झाकण आणलं. सुनेनं विचारलं, "मग ही खुंटीला टांगू का?"

"न्हाई," मी म्हटलं. "दारात ठेव. माझ्या चपलांपाशी."