भीमेवरच्या होडीला मारायच्या हाका

नववीला इतिहासाचा प्रकल्प होता. आपल्या भागात बदललेली एखादी गोष्ट शोधायची. आमचं वडगाव रासाई भीमेच्या काठाला, पल्याड दौंड तालुका, मधी पूल. मी पूल घेतला. सायकलवरनं जाता-येता दिसतो, शोधायचं काम न्हाई. मोबाईलवरचं उतरवून काढलं, फोटो चिकटवला आन् दिला.

सरांनी पहिलं पान वाचलं.

"हे तू लिहिलंस?"

"व्हय सर."

"मग 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' हे कुठं क्लिक करू? या कागदावर?"

अख्खा वर्ग फुटला. मी बी हसले. मग सरांनी प्रकल्प माझ्या हातात परत दिला आन् माझं हसू आटलं.

"पूल नव्हता तेव्हा लोक पल्याड कसे जायचे? जिवंत माणसांना विचार. आणि एकानं सांगितलं म्हणजे झालं नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी तेच सांगितलं, तर मी ते साधन धरीन. सोमवारी आण, नाहीतर शून्य. आणि तुझं तर मी नीट तपासणार आहे. तू कुणाचाही आवाज काढतेस, माझाही काढतेस."

हे मातर लागलं. शून्याचं न्हाई एवढं, पण मी काय बी सांगितलं तरी ती नक्कलच वाटणार, हे.

आमच्या आळीत एक चाची हायत. शिरूरकडच्या, लग्न होऊन नदीकाठाला आल्या त्या कायमच्याच. शनिवारी त्यांच्याकडं गेले, मोबाईल पुढं धरला आन् म्हणलं, "चाची, मुलाखत द्या."

चाचीनं पदर नीट केला, मान ताठ केली, आन् म्हणाल्या, "मला अडाणीला काय ठावं?" पुढं एक शब्द न्हाई. पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारख्या.

मग मी माझी युक्ती काढली. माणसाला विचारलं की ते गप बसतं, पण त्याच्यासमोर चुकीची नक्कल करा, त्याला राहवतच न्हाई. मी तोंडाला हात लावला आन् ओरडले, "ए होडीवालाऽऽ, होडीय्य!"

"अगं ए," चाची उसळल्या, "भंगार मागतीस का होडी बोलवतीस? असं व्हय? बाजूला सर."

आन् त्यांनी हाक मारली. बसल्या जागेवरनं, नव्वार नेसलेल्या, गुडघं धरलेल्या बाईनं. "होऽऽऽ... डीऽऽऽय." पहिला भाग खाली, दुसरा वर चढत जाणारा, दम संपेस्तोवर. समोरच्या घरातला पोरगा बाहेर आला.

चाची म्हणाल्या, होडी रात्रंदिस पल्याड बांधलेली असायची, नावाडी तिकडचा. साध्या कामाला ही लांब हाक. बाई अडली, कुणाला पान लागलं, म्हंजी साप चावला, तर तीन तुटक हाका. मग नावाडी पळतच यायचा.

"आन् कुणी वारलं तर?" मी विचारलं. "माहेरी आलेली लेक वारली, तिला पल्याड सासरी न्यायची, तवा?"

"तवा हाक न्हाई," चाची म्हणाल्या. "माणसं काठाला नुसती उभी राहायची. कुणाच्या बी घरचं असू दे, हिंदू का मुसलमान. हाक मारायची न्हाई. होडी यायची."

"बघून?"

"आता मला काय ठावं. यायची."

रविवारी सायकल काढली आन् पूल ओलांडून पल्याड गेले. विचारत विचारत एका आप्पांपर्यंत पोचले. होडी त्यांच्या चुलत्याची असायची. आप्पा काठावरच्या बाभळीखाली म्हशी राखत बसलेले. चाचीचं नाव काढलं न्हाई. लांब हाक थोडी बिघडवून मारली. आप्पांनी लगेच सुधारली. खाली, मग वर, दम संपेस्तोवर. तीन तुटक हाका तर त्यांनी न विचारता मारल्या. म्हशींनी बी माना वर केल्या.

आता शेवटचं. मी मुद्दाम रडक्या आवाजात एक मोठी हाक काढली. "आप्पा, मयत असलं की अशी मारायचे ना?"

"गप," आप्पा म्हणाले. एकदम बारीक आवाजात. "मयताला हाक नसती पोरी."

"मग तुमच्या चुलत्याला कळायचं कसं? नदी केवढी रुंद. रात्री दिसतं का?"

"बघायला लागतच नव्हतं. तुमच्या काठाला बाया दिवसभर धुणं धुवायच्या. धोपटण्याचा आवाज पाण्यावरनं आमच्याकडं यायचा, धप धप, सारखा. मयत काठाला आलं की बाया हात थांबवायच्या. आवाज बंद. आवाज बंद झाला की चुलता हातातली भाकरी खाली ठेवायचा आन् होडी सोडायचा. रात्रीचं कुणी मयत नेतच नव्हतं."

आम्ही दोघं पल्याड, म्हंजी माझ्या गावाकडं, बघत बसलो. तिथं आता कुणी धुणं धुत न्हाई. आप्पांच्या मोबाईलवर कुणाचा तरी फोन आला, त्यांनी घेतला न्हाई.

सोमवारी सरांनी दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. दुसरं दोनदा.

"ओळखतात एकमेकांना?"

"न्हाई सर."

"वर्गाला दाखव," सर म्हणाले.

दोन हाका मी मारल्या, टाळ्या पडल्या. तिसरीला काय करणार? मी पोरींना म्हणलं, "बाकं बडवा, धुणं धुतल्यागत. माझा वर केलेला हात खाली आला की थांबायचं." ते काम तर आमच्या वर्गाला सांगायलाच नको. पोरं-पोरी सगळी सुटली, धप धप धप धप, कुणी गाणंच धरलं त्या ठेक्यावर, सर बी हसाया लागले. बराच वेळ चाललं. मग मी हात खाली केला आन् एका झटक्यात सगळं थांबलं.

शेजारच्या वर्गावरच्या बाई धावत दारात आल्या. एवढा दंगा चालू होता तवा आल्या न्हाईत.

"काय झालं?" बाई म्हणाल्या. चेहरा उतरलेला. "कुणाला काय झालं का?"

वर्गात कुणी हसलं न्हाई. सरांनी माझा प्रकल्प घ्यायला हात पुढं केला.