फेस बसू दे

दूधकट्ट्यावर म्हशीची समोर धार काढून दिलेला धारोष्ण दुधाचा पेला हातात आला की कोल्हापूरचा माणूस तो फेसासकट तोंडाला लावतो. सुतार सर मात्र पेला कट्ट्यावर ठेवून त्याच्याकडे टक लावून बघत बसायचे. मागं गिऱ्हाइकं खोळंबायची, म्हैस शेपटी झाडायची आणि गवळी बंडा वैतागायचा. "प्या की सर, गार हुतंय!" सरांचं उत्तर ठरलेलं. "फेस बसू दे. दूध किती हाय ते कळू दे."

सर आम्हाला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. एकदा फळ्यावर त्यांनी 'क्रयशक्ती' असं लिहिलं आणि आमची मख्ख तोंडं बघून संध्याकाळी अख्खा वर्ग या दूधकट्ट्यावर आणला. "पगार म्हंजे हा काठोकाठ पेला. महागाई आली की फेस बसतो. खाली उरतं तेवढंच तुमचं." परीक्षेनंतर बाकी सगळं विसरलो, पेला तेवढा डोक्यात राहिला.

पुढं मला पुण्यात नोकरी लागली. पगाराचा आकडा सांगायला मी नाचत कट्ट्यावर गेलो. सर म्हणाले, "झ्याक! आता फेस बसू दे. भाडं किती?" असा राग आला मला! माणसानं जरा तोंडभरून कौतुक करावं की नाही? पहिल्या महिन्याचं घरभाडं भरलं आणि राग आपोआप उतरला.

दूध महागलं तेव्हा बंडा म्हणाला, "सर, तुमास्नी जुनाच दर." सर उसळले. "आणि तुझ्या म्हशीला पेंड जुन्या दरानं मिळती व्हय रं?" फुकटचा घोट त्यांनी कधी घेतला नाही. पण कॉलेज विनाअनुदानित, त्यामुळं निवृत्तीनंतर पेन्शन नाही. साठवलेले पैसे तेवढेच राहिले आणि बाजार वर वर गेला. मग सर अर्धाच पेला मागू लागले. "वय झालं, एवढंच पचतंय," म्हणायचे. साफ खोटं! सरांना दगडही पचला असता. दिवसाकाठी तेवढं एकच सुख होतं त्यांना, आणि ते अर्ध्यावर आलेलं बघून माझा जीव तुटायचा.

सर गेले त्याच्या आधीच्या दिवाळीत आम्ही कट्ट्यावर शेवटचे भेटलो. सरांनी अर्ध्या पेल्याचे पैसे बंडाच्या हातावर ठेवले. बंडा धार काढू लागला. पेला अर्धा झाला तरी त्याचा हात थांबला नाही, हे मला शेजारी उभ्या उभ्या दिसत होतं. वरपर्यंत फेस आला. सरांनी पेला घेतला आणि थेट तोंडाला लावला.

"सर, फेस?" मी न राहवून विचारलं.

मिशी पुसत सर हळूच म्हणाले, "गप बस. फेस बसला तर दूध दिसंल. आणि दिसलं तर मला परत द्याय लागंल."