तळमजला कुणाला मिळतो

कोराडीच्या आमच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत दोन गोष्टी न बोलावता साचतात. खिडकीत राख, आणि क्वार्टर बदलून मागणाऱ्यांकडे किस्से. माझ्याकडे दोन्ही भरपूर आहे. ऐकायला कुणी नसतं, म्हणून लिहिते.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. माझ्या शालूच्या उजव्या पायाला पोलिओ, त्यावर कॅलिपर. अपंगांना तळमजला असा नियम निघाला, तशी मी ऑफिसात धावले. तिथले बाबू म्हणाले, "अपंग म्हणजे कर्मचारी स्वतः, ताई. तुमचे मिस्टर तर काल व्हॉलीबॉल खेळून राहिले होते."

घरी येऊन मी बराच वेळ ह्यांच्या पायांकडे बघत बसले. नवऱ्यात खोट काढायची ही काही पहिली वेळ नव्हती, पण या वेळी सापडली नाही.

* * *

पुढे नियमात कुटुंबही आलं. मात्र अपंग म्हणजे ‘जिना चढण्यास असमर्थ’, आणि आधी डॉक्टर तपासणार.

डॉक्टरांनी शालूला चालायला सांगितलं. मान वर, पाय उचलून, हे मीच तिला शिकवलेलं. ती पंधरा ऑगस्टच्या परेडसारखी चालली आणि शेवटी सॅल्यूट ठोकला!

डॉक्टर खूश. म्हणाले, "जिन्याचं काय ते क्वार्टरचे साहेब घरी येऊन बघतील."

* * *

तळमजल्यावरच्या वानखडेकाकू दुपारी हाक मारायच्या, "ये ना वं खाली." ओट्यावर बायका शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. शालू कठडा धरून उतरायची. मी तिच्यापुढे एक पायरी खाली, तोंड तिच्याकडे, दोन्ही हात पसरून, उलटी उतरायचे. आम्ही पोचेपर्यंत शेंगाही संपायच्या आणि बायकाही.

मग मी उतरणंच सोडलं. हाका आणखी थोडे दिवस येत राहिल्या.

* * *

शेवटी साहेब आले. तीन मजले चढून धापा टाकत खुर्चीत बसले, तांब्याभर पाणी प्यायले. मला वाटलं, झालं आपलं काम.

"बेटा, तुले जिना चढता येते काय?"

मी शालूकडे बघितलं. आज एकदा नाही म्हण, बाई.

"येते," शालू म्हणाली. "उतरताही येते. आईलेच नाही येत."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, माझ्याकडे वळले आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "तुम्हाला काय झालंय, ताई?"